"तुमचं नाव नाही" म्हणायच्या आधी: संस्थेच्या डेटाबेसमधे लाभार्थ्याचं रेकॉर्ड कसं शोधायचं

कोल्हापुरात बऱ्याच संस्थांतली जाडजूड रजिस्टरं जाऊन आता कॉम्प्युटर आलाय. नवीन पोरं-पोरी स्वयंसेवक म्हणून आली की पहिल्याच दिवशी त्यांना खुर्चीत बसवून सांगतात, "हे बघ, इथं नाव टाकायचं, एंटर मारायचं, रेकॉर्ड येतंय." पण ते येत नाही. म्हणजे दहातल्या पाच वेळा येतं आणि उरलेल्या पाच वेळा काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी 2021 चा पूर ओसरल्यावर एका संस्थेत डेटाचं काम सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात आंबेवाडीची एक आजी आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदं, केएमटीनं आलेली, पावसात भिजलेली. मी आधार कार्ड बघून नाव टाकलं, काही आलं नाही, परत टाकलं, नाही आलं. "आजी, तुमचं नाव नाही आमच्याकडं" असं सरळ सांगून मोकळी झाले आणि नवीन एंट्री केली. नवीन एंट्री म्हणजे परत घरी जाऊन पडताळणी, परत सहीसाठी थांबणं, आजीचे तीन आठवडे गेले. नंतर कळलं की तिचं रेकॉर्ड 2019 च्या पुरापासूनच होतं, पडताळणी झालेलं, फोटोसकट. आधारवर "हौसाबाई पवार" आणि 2019 ला सर्व्हे करणाऱ्या पोरानं लिहिलेलं "हौसाक्का पोवार". कोल्हापुरात राहून मला पवार-पोवार सुचू नये म्हणजे काय! तेव्हापासून माझा नियम आहे, पाच वाटांनी शोधल्याशिवाय "नाही" हा शब्द तोंडातनं काढायचा नाही.

आधी हे जवळ ठेवा

- स्वतःचं लॉगिन. दुसऱ्याच्या लॉगिननं काम करू नका, कुणी काय बदललं ते नंतर कळत नाही आणि खापर भलत्याच्या डोक्यावर फुटतं.
- मराठी कीबोर्ड, मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडं. इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांच्या ठरलेल्या बटणांचा कीबोर्ड) येत असेल तर उत्तमच, नाहीतर फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाकला की मराठी उमटतं तो) चालेल.
- एक वही. हो, कागदाची. त्यात तालुक्यावार गावांची नावं आणि एका गावाची जेवढी नावं लोक बोलतात तेवढी सगळी.
- लाभार्थ्याकडनं: आधी मिळालेली पावती किंवा कार्ड असेल तर ते सगळ्यात आधी मागा, त्याच्यावर नंबर असतो आणि पुढचं हे सगळं पुराण वाचावंच लागत नाही. ते नसेल तर रेशन कार्ड, आधार, सीपीआरचा (इथला मोठा सरकारी दवाखाना) केसपेपर, घरातल्या दोघा-तिघांचे मोबाईल नंबर.

रेशन कार्ड मी आधारच्या आधी मागते. आधारवर एकच माणूस असतो, रेशन कार्डावर अख्खं घर असतं, आणि पुढं बघाल, अर्ध्या केसेस घरातल्या दुसऱ्या माणसावरनंच सापडतात.

## 1. सिस्टीम कुठली आहे ते बघून घ्या

आमच्याकडं सिव्हीसीआरएम आहे, संस्थांनी लोकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत, होस्टिंगचे आणि बसवून देणाऱ्याचे पडतातच. तुमच्याकडं दुसरं काही असेल, नुसती गुगल शीट असेल, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं कारण घोळ सॉफ्टवेअरचा कमी आणि आपल्या नावांचा जास्त आहे.

सिव्हीसीआरएममधे शोधायच्या तीन जागा आहेत. वरच्या पट्टीत छोटा डबा असतो तो क्विक सर्च, त्यात नाव, फोन, काँटॅक्ट आयडी (प्रत्येक रेकॉर्डला सिस्टीमनं दिलेला नंबर) असं एक एक शोधता येतं, कशात शोधायचं ते डब्याखालच्या यादीतनं निवडायचं (हे नवीन लोकांना माहीतच नसतं, नावाच्या जागी फोन नंबर टाकतात आणि "येईना" म्हणून ओरडतात). दुसरं ॲडव्हान्स्ड सर्च, तिथं पत्ता, टॅग, ग्रुप, नातं असं सगळं एकत्र लावता येतं. तिसरं सर्च बिल्डर, ते पहिला महिना उघडू पण नका.

## 2. आधी बोला, मग टाईप करा

माणूस समोर आला की आपला हात लगेच कीबोर्डवर जातो. जरा थांबा, पाणी विचारा, आणि हे प्रश्न विचारा: याआधी आमच्याकडनं काय मिळालं होतं? कधी, कुठल्या पुरात? तेव्हा घरी कोण आलं होतं लिहून घ्यायला? फोन कुणाचा दिला होता? घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. सर्व्हे करणारं पोरगं दारात उभं राहून नाव विचारतं तेव्हा शेजारीण आतनं ओरडून सांगते "लिही की आक्काताई!" आणि तेच लिहिलं जातं. आधारवर काय आहे ते पुरात कोण बघत बसणार, आधार तर पाण्यात गेलेलं असतं.

## 3. कमी टाका, जास्त मिळेल

नवीन माणूस पूर्ण नाव टाकतो, पहिलं, मधलं, आडनाव, सौ. सकट. जेवढं जास्त टाकाल तेवढ्या चुकायच्या जागा वाढतात. एकच शब्द टाका, तो पण अर्धा. यादीत आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव असं दिसतं त्यामुळं "नाव आडनाव" असं सलग टाकून गंडायला होतं.

% हे चिन्ह लक्षात ठेवा. त्याचा अर्थ "इथं काहीही असू दे". "सुन%ता" टाकलं की सुनिता पण येते आणि सुनीता पण. सिव्हीसीआरएममधे एक सेटिंग असतं ज्यानं नावाच्या पुढं-मागं हे % आपोआप लागतं, पण काही संस्थांत ते बंद ठेवतात (यादी मोठी असेल तर सर्च हळू होतं म्हणून), मग तुम्हाला स्वतः लावावं लागतं. तुमच्याकडं चालू आहे का बंद ते ॲडमिनला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मी चार महिने विचारलं नव्हतं.

यादी फार मोठी आली तर घाबरू नका, "पाटील" टाकलं तर येणारच, आपला जिल्हा आहे हा. मग तालुका लावा, मग स्त्री-पुरुष लावा, मग "पूर 2019" का "पूर 2021" तो टॅग लावा. मोठ्या जाळ्यातनं हळूहळू बारीक जाळ्याकडं यायचं, उलटं नाही.

## 4. नावांची भानगड

हा भाग जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आडनावं. पवार-पोवार वर सांगितलंच. चौगुले, चौगले, चौगुला. घाटगे, घाडगे (ही दोन वेगळी आडनावं पण असतात आणि एकाच घराची दोन स्पेलिंगं पण असतात, ठरवून सांगता येत नाही). मगदूम, मगदुम. कांबळे तर अनुस्वारानं, "म्ब" नं, आणि घाईत "काबळे" असं तिन्ही प्रकारे सापडलंय मला. मुल्ला आणि मुल्लाणी वेगळे, पण ऐकताना एकच वाटतात. शेख हे मराठीत सरळ आहे पण तुमचा डेटा इंग्रजीत असेल तर त्याची चार-पाच स्पेलिंगं निघतात, शेवटी के का के-एच, मधे ए-आय का ई-आय का नुसतं ई. तसंच सावंत, नलवडे असल्या नावात व्ही का डब्ल्यू. इंग्रजी डेटात मी सरळ संशयी अक्षराच्या जागी % टाकते आणि पुढं जाते.

बायकांची नावं. इथं सगळ्यात जास्त रेकॉर्ड हरवतात. लग्नाआधी माहेरच्या नावानं नोंद, लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत पहिलं नाव पण बदलतात. माहेरी "मंगल", सासरी "वैशाली". आधार सासरचं, शाळेचा दाखला माहेरचा, बँक पासबुकावर भलतंच. म्हणून विचारायचंच, "माहेरचं नाव काय, माहेर कुठलं?" बायका हसून सांगतात, कुणी विचारत नाही त्यांना हे. आणि नवऱ्यानं सोडलेल्या किंवा विधवा बाईला विचारताना जरा आवाज खाली ठेवा, मागं रांगेत तिच्याच गल्लीतले लोक उभे असतात.

बाई, ताई, आक्का, राव, साहेब. ही शेपटं कधी असतात कधी नसतात. "हौसा" एवढंच टाका, हौसाबाई, हौसाक्का, हौसाताई सगळ्या येतील.

गडहिंग्लज, शिरोळकडची नावं. सीमाभाग आहे, कानडी वळणाची नावं भरपूर. यल्लव्वा, यल्लवा, येल्लव्वा, यल्लुबाई. मल्लाप्पा, मलापा. जोडाक्षर एकानं डबल लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं सिंगल. "यल्%" टाकून बघा, मग "येल%" टाकून बघा.

उर्फ आणि टोपणनाव. भीमराव उर्फ बाळासाहेब. काही एंट्रीत "उर्फ" पहिल्या नावाच्या खान्यातच घुसवलेलं असतं. खरं तर टोपणनावाला वेगळा खाना आहे, तो कुणी वापरत नाही. आण्णा, बापू, पिंटू, बाळू यांची खरी नावं घरातल्यांना पण चटकन आठवत नाहीत.

सौ., श्री., कु., कै. हे पण पहिल्या नावाच्या खान्यात बसलेलं असतं. त्यामुळं "नाव अमुक अक्षरानं सुरू होतं" असा फिल्टर लावलात तर सगळ्या सौ. "स" मधे सापडतील.

## 5. देवनागरीची भानगड, जी डोळ्याला दिसत नाही

हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्क्रीनवर नाव समोर दिसतंय, मी तेच टाईप करतीय, आणि सिस्टीम म्हणतीय नाही. वेड लागायची पाळी.

कारण कॉम्प्युटर अक्षराचं चित्र बघत नाही, आतला कोड बघतो. एकच अक्षर दोन कोडनं लिहिता येतं. "गोऱ्हे", "कुऱ्हाडे" यातला तो अर्धा र बघा, एक कीबोर्ड तो वेगळ्या ऱ नं लिहितो, दुसरा साध्या र ला मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून लिहितो. दिसायला सेम, शोधायला वेगळं. "ॲ" चं पण तेच, एकाच अक्षराचा एक कोड आहे आणि "अ" वर चंद्र जोडून पण तसंच दिसतं. उपाय सोपा आहे, तेवढं अक्षरच टाळायचं. "गो%हे" टाका नाहीतर आडनाव सोडून नावानं शोधा.

ऱ्हस्व-दीर्घ तर रोजचंच. गिता, गीता, पुजा, पूजा. आपल्याला वाटतं ती एकाच अक्षराची मात्रा आहे, पण कॉम्प्युटरच्या लेखी मात्रा हे स्वतःच एक वेगळं अक्षर आहे, म्हणून "ग%ता" चालतं. अनुस्वाराचं तेच, शिंदे आणि शिन्दे, संपत आणि सम्पत.

आकडे. फोन नंबर कुणीतरी मराठी आकड्यात टाकलेला असतो आणि तुम्ही इंग्रजी आकड्यात शोधता. संस्थेत एकदा बसून ठरवा की आकडे सगळे इंग्रजी आकड्यातच, आणि जुने एकदा बदलून घ्या.

आणि श्रीलिपी! जुन्या याद्या डीटीपीवाल्याकडनं टाईप करून घेतलेल्या असतात, त्या फॉन्टमधे मराठी दिसतं पण आतमधे नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हं भरलेली असतात. ती यादी कुणीतरी तशीच सिस्टीममधे ओतली की नावाच्या जागी कचरा दिसतो. असं रेकॉर्ड दिसलं तर डिलीट करू नका! तो कचरा नाही, ते माणूस आहे. जुन्या फॉन्टमधलं मराठी आताच्या नेहमीच्या मराठीत बदलून देणारे युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, ॲडमिनला सांगा.

## 6. फोन आणि जन्मतारीख

फोननं शोधताना शेवटचे सहा आकडे टाका, म्हणजे पुढचं शून्य, +91 यांचा प्रश्नच येत नाही. एक नंबर चार रेकॉर्डला सापडला तर दचकू नका, गल्लीत एकाकडंच फोन होता आणि सगळ्यांनी तोच दिलाय, असं लै ठिकाणी आहे. उलट पण होतं, नंबर बंद पडून कंपनीनं दुसऱ्याला दिलेला असतो, तुम्ही फोन लावता आणि कुणीतरी भलताच उचलतो. त्याला लाभार्थ्याचं नाव, कशासाठी फोन केलाय ते काही सांगू नका, "चुकून लागला" म्हणायचं आणि ठेवायचं.

जन्मतारखेवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख 1 जून असते, शाळेत घालताना मास्तरांनी टाकून दिलेली. ज्यांना शाळाच नाही त्यांच्या आधारवर नुसतं साल नाहीतर 1 जानेवारी. मी एकदा 1 जून टाकून बघितलं, यादी बघून हसायलाच आलं, अख्ख्या जिल्ह्याचा वाढदिवस एकाच दिवशी. सालावरनं अंदाजे वय बघा, तेवढा उपयोग बास.

## 7. गाव शोधताना

बारा तालुके आहेत आपले आणि गावांच्या नावांनी भल्याभल्यांना चकवलंय, विशेषतः पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक आले की.

"बावडा" म्हटलं की कसबा बावडा का गगनबावडा? एक शहरात, एक पन्नासेक किलोमीटरवर घाटाच्या तोंडाला. "शिरोली" म्हणजे पुलाची शिरोली, हातकणंगले तालुका, का शिरोली दुमाला, करवीर तालुका? "सांगाव" म्हणजे कसबा सांगाव का मौजे सांगाव, दोन्ही कागलमधेच. "कसबा" टाकून शोधाल तर कसबा बीड, कसबा वाळवे, कसबा तारळे सगळे हजर.

"वाडी" चं तर विचारूच नका. शिरोळकडचं माणूस "वाडीला राहतो" म्हणालं की नृसिंहवाडी, आणि ती डेटात नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी, नृसोबावाडी, नरसोबावाडी अशी सगळ्या रूपात बसलेली. आणि जोतिबाच्या डोंगरावरचं गाव म्हणजे वाडी रत्नागिरी. आमच्या इथं एकानं ती सगळी रेकॉर्डं "जिल्हा रत्नागिरी" करून ठेवली होती. चांगला शिकलेला मुलगा, नकाशा बघून केलं म्हणाला! पन्हाळा तालुक्यातलं गाव आहे ते.

शहरातल्या पत्त्यात वॉर्ड असतो, ए वॉर्ड शिवाजी पेठ, बी वॉर्ड मंगळवार पेठ, ई वॉर्ड शाहूपुरी, राजारामपुरी. कुणी "ए" लिहितं, कुणी "अ", कुणी वॉर्डच लिहितं आणि पेठ लिहीतच नाही. त्यामुळं शहरातलं रेकॉर्ड शोधताना पेठेनं आणि वॉर्डनं असं दोनदा शोधा. पिनकोडचे पहिले तीन आकडे टाकून काही होत नाही, 416 नं सांगली शहर पण सुरू होतं. टाकायचा तर पूर्ण सहा आकडी टाका.

आणखी एक, पुरातली माणसं हललेली असतात. पत्ता चिखलीचा, पण आता राहतात मुलाकडं उचगावला. दोन्ही गावांनी बघा.

## 8. तरी सापडेना?

तीन जागा राहिल्यात अजून.

पहिली, घरातलं दुसरं माणूस. फाईल नवऱ्याच्या नावावर असते, नवरा वारलाय, बाई स्वतःच्या नावानं शोधा म्हणते. नवऱ्याचं, सासऱ्याचं, मोठ्या मुलाचं नाव टाकून बघा. रेकॉर्ड उघडल्यावर "रिलेशनशिप्स" नावाचा टॅब असतो, नीट भरलेला असेल तर तिथनं अख्खं कुटुंब सापडतं. रेशन कार्ड आधी मागा म्हटलं ते याच्यासाठी.

दुसरी, कचरापेटी. सिव्हीसीआरएममधे डिलीट केलेलं रेकॉर्ड लगेच नाहीसं होत नाही, ट्रॅशमधे जातं. ॲडव्हान्स्ड सर्चमधे "सर्च इन ट्रॅश" अशी खूण असते, ती लावून शोधायचं. ती दिसत नसेल तर तुमच्या लॉगिनला परवानगी नाही, ॲडमिनकडनं शोधून घ्या. आमच्याकडं एकदा कुणीतरी "डुप्लिकेट" समजून सख्ख्या जावांपैकी एकीला उडवलं होतं. नाव एकच, आडनाव एकच, पत्ता एकच, नवरे वेगळे.

तिसरी, कागद. जुनी रजिस्टरं कपाटात असतील तर उघडा. सगळं कॉम्प्युटरवर आलंय असं सांगतात, पण ओल लागून चिकटलेली पानं कुणी टाईप केलेली नसतात.

## 9. सापडलं! पण तेच माणूस आहे का?

इथं घाई केली तर एकाची मदत दुसऱ्याला जाते आणि ते निस्तरायला सापडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

विचारताना उत्तर तोंडात घालू नका. "तुम्ही कुरुंदवाडच्या ना? मुलाचं नाव संतोष ना?" असं विचारलं की रांगेत दमलेलं माणूस कशालाही "व्हय" म्हणतं. "गाव कुठलं? मुलं किती, नावं काय?" असं विचारा आणि स्क्रीनवरचं मनात जुळवा. कमीत कमी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, त्यातली एक तरी नावाशिवायची.

एकाच माणसाची दोन रेकॉर्डं सापडली तर मर्ज करायची, म्हणजे जोडून एक करायची असतात, पण पहिल्या महिन्यात स्वतः मर्ज करू नका. सरळ अनडू नाही त्याला. दोन्ही आयडी नंबर वहीत लिहा, अनुभवी माणसाला दाखवा.

दुप्पट रेकॉर्डं मुळात का होतात? नवीन एंट्री करताना सिस्टीम "असं नाव आधी आहे" म्हणून इशारा देऊ शकते, पण तयार जो नियम येतो तो ई-मेल बघतो. आता आपल्या आजीला कुठला ई-मेल! ॲडमिनला सांगून नाव अधिक फोन, किंवा नाव अधिक गाव असा नियम करून घ्या. आमच्याकडं हे केल्यावर बराच फरक पडला, तरी पुरात घोळ होतो तो होतोच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला गेलं की इशारा, 43 ला धोका, आणि 43 च्या पुढं गेलं की चार ठिकाणी चार जण एकाच वेळी एंट्री करत असतात, लाईट नसते, नेट नसतं, कागदावर लिहून नंतर टाकलं जातं. त्या दिवसांतली रेकॉर्डं शोधताना चुका जास्त धरूनच शोधा.

## 10. कुणाला काय सांगायचं नाही

रेकॉर्ड शोधता आलं म्हणजे ते दाखवायचं असं नाही.

एक माणूस फोन करतो, गोड बोलतो, "माझी बायको तुमच्याकडं येते का हो, काळजी वाटते म्हणून विचारतोय." तुम्ही शोधता, सापडतं, "हो, आल्या होत्या मंगळवारी" म्हणता. ती बाई त्याच्यापासनंच पळून आलेली असू शकते. म्हणून फोनवर "आहे" पण म्हणायचं नाही आणि "नाही" पण म्हणायचं नाही. "फोनवर आम्ही कुणाचीच माहिती देत नाही" एवढंच, प्रत्येकाला, नगरसेवक असला तरी.

एचआयव्ही असलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवायचा तर 2017 चा स्वतंत्र कायदाच आहे. आणि 2023 मधे डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, लोकांची माहिती घेणाऱ्या संस्थेवर ती सांभाळायची जबाबदारी त्यात टाकलीय.

रोजच्या कामात: स्क्रीन रांगेकडं तोंड करून ठेवू नका. यादीतली नावं मोठ्यानं वाचू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून "हीच का ती?" विचारू नका, आयडी नंबर पाठवा. आधारचे शेवटचे चार आकडे पुरतात ओळख पटवायला, अख्खा नंबर नोटमधे टाईप करून ठेवायची गरज नाही.

यादी एक्सेलमधे काढायची वेळ आलीच तर परवानगी घेऊन काढा, काम झाल्यावर डाऊनलोड फोल्डरमधनं उडवा. आणि एक वैताग सांगते, सीएसव्ही फाईल (सिस्टीममधनं यादी काढली की मिळते ती साधी फाईल) नुसती डबल क्लिक करून एक्सेलमधे उघडली की मराठी नावांच्या जागी चिन्हं दिसू शकतात, आणि रेशन कार्डासारखा बारा आकडी नंबर ई आणि अधिक चिन्हवाला विचित्र होऊन बसतो. एक्सेलच्या डेटा टॅबमधनं इम्पोर्ट करायचं, यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट वाचणारा पर्याय) निवडायचं, नंबरचा कॉलम टेक्स्ट करायचा.

## 11. खरंच नसेल तर

पाच वाटा झाल्या: नाव तोडून, माहेर-सासर, फोन, गाव, घरातलं माणूस. ट्रॅश पण बघितला. मग नवीन एंट्री करा, आणि करताना पुढच्या शोधणाऱ्यावर उपकार करा. पहिल्या नावात नुसतं नाव, सौ. नाही, उर्फ नाही. टोपणनावाच्या खान्यात हाकेचं नाव, माहेरचं नाव, दुसरं स्पेलिंग. गावाचं नाव वहीतल्या ठरलेल्या रूपात. फोनपुढं "शेजारी", "मुलगा" असं ज्याचा आहे त्याचं. नोटमधे तारीख आणि "अमुक अमुक प्रकारे शोधलं, सापडलं नाही" एवढी एक ओळ. उद्या जुनं रेकॉर्ड सापडलं तर दोन्ही जोडता येतात.

आणि समोरच्याला "तुमचं नाव नाही" म्हणू नका. "आमच्याकडची नोंद सापडत नाही, नवीन करतो, हा नंबर जपून ठेवा" म्हणा आणि आयडी नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मोबाईलवर मेसेज पाठवलाय म्हणून सोडू नका, तो मोबाईल शेजाऱ्याचा आहे.

आंबेवाडीच्या आजीच्या टोपणनावाच्या खान्यात आता "हौसाक्का, हौसाबाई, पोवार, पवार, हौशी" एवढं सगळं आहे. "हौशी" तिनंच सांगितलं, माहेरी म्हणायचे म्हणे. परवा येऊन गेली, नव्या पोरीनं पहिल्या फटक्यात काढून दिलं. तरी आजीनं पिशवीतनं तो चुरगळलेला नंबराचा कागद काढून टेबलावर ठेवलाच.